सलून, पार्लर आणि पियानोवरचा ताव

मराठी मुलखातल्या कुठल्याही बाजारपेठेत दोन पाट्या हमखास दिसतात. पुरुष केस कापायला जातात ते सलून आणि बायका जातात ते पार्लर. दोन्ही शब्द आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने आले, दोन्ही इंग्रजीत फ्रेंचमधून आलेले, आणि दोन्ही मुळात खोल्यांची नावं. इटालियनमध्ये ‘साला’ म्हणजे दालन आणि मोठं दालन ते ‘सालोने’. फ्रेंचांनी त्याचं ‘सलाँ’ केलं, इंग्रजांनी ‘सलून’. पार्लरची कथा मला अधिक आवडते. फ्रेंचमध्ये ‘पार्ले’ म्हणजे बोलणं. ख्रिस्ती मठांत मौन पाळावं लागे, पण बाहेरून भेटायला आलेल्या माणसाशी एका ठरावीक खोलीत बोलता येई. ती बोलण्याची खोली म्हणजे पार्लर. पार्लमेंट हा शब्द त्याच धातूचा.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतही या दोन शब्दांनी पुरुषांची आणि बायकांची जागा वेगळी करून ठेवली होती. अर्थ मात्र निराळे. सलून म्हणजे दारूचा गुत्ता. पार्लर म्हणजे घरातली दर्शनी बैठकीची खोली, आणि तिच्यावर सत्ता घरातल्या बाईची. पाहुणे तिथे बसत, मुलीला भेटायला येणारा तरुण तिथेच संकोचून बसे, आणि घरातलं कुणी गेलं तर शवपेटीही तिथेच ठेवली जाई. पुढे अंत्यसंस्कारांची तयारी करणाऱ्या दुकानांना ‘फ्यूनरल पार्लर’ म्हणू लागले. याच खोलीत, ऐपत असेल तर पियानो असे. तेवढी ऐपत नसेल तर पायाने भाता मारायचा रीड ऑर्गन, म्हणजे आपल्या संगीत नाटकात वाजत आलेल्या ऑर्गनच्या कुळातलं वाद्य. १९०९ साली अमेरिकेत एका वर्षात साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. इतक्या घरांत पियानो असेल तर त्यावर ठेवायला रोज काहीतरी नवीन लागणारच. ते पुरवत असे छापील गाणं: शीट म्युझिक.

‘शीट’ला मराठीत नेमका शब्द आहे, ताव. एक मोठा ताव मधोमध दुमडला की चार पानं होतात. पहिल्यावर चित्र आणि शीर्षक, आतल्या दोन पानांवर स्वरलेखन आणि त्याखाली शब्द, शेवटच्या पानावर त्याच प्रकाशकाच्या आणखी गाण्यांची जाहिरात. शिवण नाही, पुठ्ठा नाही. म्हणून ते पुस्तक नव्हे, ताव. घरोघरी असे ताव साठत गेले की ते बाइंडरकडे देऊन त्यांचा जाड खंड करून घेत आणि कातडी पाठीवर मालकिणीचं नाव सोनेरी अक्षरांत उमटवत. हे खंड आज ग्रंथालयांत उघडले की बोटं कुठे कुठली ठेवायची याचे पेन्सिलीने लिहिलेले आकडे दिसतात, कुठे एखादं कडवं खोडलेलं दिसतं. मोठमोठ्या लोकांच्या पत्रव्यवहारापेक्षा हा ऐवज मला मोलाचा वाटतो, कारण ज्या मुलीने आयुष्यात कधी डायरी लिहिली नाही तिची संध्याकाळ त्यात राहून गेली आहे.

शब्दांचा शोध घेणाऱ्याला या तावांचा आणखी एक उपयोग आहे. अमेरिकेत १८३१च्या कायद्याने संगीतरचनेला प्रथमच नाव घेऊन स्वामित्वहक्क मिळाला. तेव्हापासून पहिल्या पानाच्या तळाशी एक बारीक ओळ छापली जाऊ लागली: अमुक साली, अमुक जिल्हा न्यायालयाच्या कचेरीत नोंद केली. बोलीतला शब्द कधी जन्मला ते सांगणं जवळपास अशक्य असतं. पण गाण्याचा ताव विकायचा असेल तर तो लोकांच्या तोंडी नुकत्याच रुळलेल्या शब्दांत लिहावा लागतो, आणि त्यावर साल असतं. बाल्टिमोरच्या लेस्टर लेव्ही या व्यापाऱ्याने आयुष्यभर जमवलेले सुमारे २९ हजार ताव जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आहेत. ते चाळताना अमेरिकेचा शब्दकोश तारीखवार वाचल्यासारखं वाटतं. छपाईच्या चुकासुद्धा तिथे पुरावा ठरतात. अमेरिकेचं राष्ट्रगीत १८१४ साली बाल्टिमोरच्या टॉमस कार यांनी प्रथम स्वरांसह छापलं, तेव्हा ‘पेट्रियॉटिक’ म्हणजे देशभक्तिपर या शब्दातला एक टी गळला. ती चूक असलेली प्रत म्हणजे पहिली आवृत्ती, अशी खूण संग्राहकांनी धरली आहे. या गीताची चालही उसनी, लंडनच्या एका मंडळाच्या गीतावरून घेतलेली. त्या काळच्या गीतपत्रांवर शब्दांच्या वर ‘एअर’ असं लिहून कुठल्या तरी प्रसिद्ध गाण्याचं नाव दिलेलं असे. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ लिहून पुढे दुसऱ्या पदाचं नाव देत, तोच प्रकार.

आता सलून आणि पार्लर या दोन खोल्या एका गाण्यात समोरासमोर कशा आल्या ते पाहू. हेन्री क्ले वर्क याने १८६४ साली ‘कम होम, फादर’ नावाचं गाणं प्रसिद्ध केलं. एक लहान मुलगी गुत्त्यात जाऊन बापाला घरी चला म्हणून विनवते. घरी आजारी भाऊ आहे, आई वाट पाहते आहे. घड्याळाचे ठोके पडत जातात आणि प्रत्येक कडव्यात मुलगी पुन्हा येते, तोवर उशीर झालेला असतो. पार्लरमध्ये पियानोवर बसून बायका हे गाणं म्हणत आणि सलूनमध्ये बसलेल्या नवऱ्यांबद्दल जे कुणाजवळ बोलता येत नसे ते त्यात बोलून घेत. दारूबंदीच्या चळवळीने हे गाणं उचललं. १८९३ साली स्थापन झालेल्या चळवळीच्या मोठ्या संघटनेचं नावच ‘अँटी-सलून लीग’ होतं, दारूविरोधी नव्हे, सलूनविरोधी. ‘सलून’ हा शब्द असा काही बदनाम झाला की १९३३ साली दारूबंदी उठल्यावर कित्येक ठिकाणी दुकानाच्या पाटीवर तो लिहायलाच मनाई झाली. फ्रान्सच्या दिवाणखान्यातून निघालेला शब्द अमेरिकेत पाटीवरून हद्दपार झाला आणि आपल्याकडे वस्तरा-कात्री घेऊन सुखाने राहिला.

याच वर्कचं १८७६ सालचं एक गाणं आहे, ‘माय ग्रँडफादर्स क्लॉक’. आजोबांच्या जन्माच्या दिवशी आणलेलं उंच उभं घड्याळ आजोबा गेले त्या क्षणी बंद पडतं, एवढीच कथा. त्याआधी इंग्रजीत अशा घड्याळाला उंच पेटीचं घड्याळ अशा अर्थाचं रुक्ष नाव होतं. गाणं इतक्या घरांत वाजलं की लोक त्या घड्याळालाच ‘ग्रँडफादर क्लॉक’ म्हणू लागले. आज कोशांत तेच नाव आहे. म्हणजे ताव रोजच्या जगण्यातून शब्द उचलत होता, आणि कधी कधी पदरचा शब्द जगण्याला देतही होता. जुन्या शीट म्युझिकला समाजाचा आरसा म्हणण्याची पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते. आरशात पाहून कुणी घड्याळाचं नाव बदलत नाही.

उचललेल्या शब्दांत माझ्या मते सर्वांत रंजक शब्द ‘हॅलो’. हाक मारायला ‘हलू’, ‘होला’ अशी रूपं इंग्रजीत फार जुनी, शिकारीत कुत्र्यांना हाकारताना किंवा नदीपलीकडच्या नावाड्याला बोलावताना वापरायची. आजचं रूप अमेरिकेत १८२०च्या दशकात छापलेलं सापडतं, तेही आश्चर्य दाखवायला किंवा कुणाचं लक्ष वेधायला. भेटल्यावर अभिवादन म्हणून हॅलो म्हणणं तेव्हा सभ्यपणाचं नव्हतं. टेलिफोन आला तेव्हा प्रश्न पडला की तारेच्या पलीकडच्या न दिसणाऱ्या माणसाशी बोलणं सुरू कसं करायचं. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची पसंती होती जहाजावरच्या ‘अहॉय’ या हाकेला. एडिसन यांनी १५ ऑगस्ट १८७७ रोजी पिट्सबर्गच्या एका कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहून सुचवलं की वेगळी घंटा लावायची गरज नाही, ‘हॅलो’ ही हाक १०-२० फुटांवरूनही ऐकू जाते. एडिसन जिंकले. एक्स्चेंजमध्ये काम करणाऱ्या मुलींना लोक ‘हॅलो गर्ल’ म्हणू लागले आणि एक्स्चेंजला ‘सेंट्रल’. फोन उचलायचा, ‘हॅलो सेंट्रल’ म्हणायचं आणि नंबर मागायचा. मार्क ट्वेन यांनी १८८९ सालच्या ‘अ कनेक्टिकट यँकी’ या कादंबरीत नायकाच्या मुलीचं नाव चक्क ‘हॅलो-सेंट्रल’ ठेवलं आहे. नायक झोपेत सारखा तेच बरळतो, म्हणून भोळ्या बायकोला ते त्याच्या जुन्या प्रेयसीचं नाव वाटतं.

पियानोवर हा शब्द १८९९ साली पोचला. जोसेफ हॉवर्ड आणि आयडा एमर्सन यांच्या ‘हॅलो! मा बेबी’ या गाण्यातल्या तरुणाने आपल्या प्रेयसीला कधी पाहिलेलंच नाही, तो तिला फक्त फोनवर ओळखतो. माणसाला न पाहता फक्त तारेवरच्या आवाजावरून त्याच्यावर प्रेम करता येईल ही कल्पना नवी होती, आणि ती गाण्याचा विषय व्हायला टेलिफोन घरोघरी असण्याचीही गरज पडली नाही. दोन वर्षांनी, १९०१ मध्ये, चार्ल्स हॅरिस यांनी ‘हॅलो सेंट्रल, गिव्ह मी हेवन’ लिहिलं. हे हॅरिस म्हणजे १८९२ सालच्या ‘आफ्टर द बॉल’ या अफाट खपलेल्या गाण्याचे कर्ते. नव्या गाण्यात एक लहान मूल सेंट्रलला सांगतं, स्वर्गाला जोडून द्या, आई तिथे आहे. आणि १९१८ साली, युरोपात महायुद्ध चालू असताना, एका तावावरचं मूल सेंट्रलकडे ‘नो मॅन्स लँड’ मागतं, दोन सैन्यांच्या खंदकांमधली ती ओसाड पट्टी, कारण बाप तिकडे आहे. १९ वर्षांत त्याच ‘हॅलो’ने प्रियकराची हाक, आई गेलेल्या मुलाची हाक आणि सैनिकाच्या मुलाची हाक पोचवली. भावुकपणा भरपूर आहे, आज तो कुणाला जड वाटेल. पण ज्या घरात नुकतंच कुणी गेलं होतं तिथे तो पियानोवर म्हणता येत होता ही गोष्ट लहान नाही. डायलचे फोन आले तसा ‘सेंट्रल’चा हा अर्थ विरून गेला. ‘हॅलो’ मात्र पृथ्वीभर गेला, आणि मराठी माणूस फोन उचलताना ‘नमस्कार’ म्हणायचं ठरवतो तेव्हाही बहुतेकदा आधी हॅलोच तोंडून निघतं.

बाकी यंत्रांबद्दल थोडक्यात. सायकल आली आणि १८९२ साली हॅरी डेकर याचं ‘डेझी बेल’ आलं. मोटार आली आणि १९०५ साली ‘इन माय मेरी ओल्ड्समोबाइल’, विमान आलं आणि १९१० साली ‘कम जोसेफिन इन माय फ्लाइंग मशीन’. प्रत्येकात एक तरुण आपल्या प्रेयसीला त्या यंत्रावर बसायला बोलावतो. यंत्र बदलतं, बोलावणं तेच. शब्दांच्या दृष्टीने यांत फार काही हाती लागत नाही.

हे ताव तयार होत ती जागा न्यूयॉर्कच्या २८व्या रस्त्यावर, ब्रॉडवे आणि सहाव्या अ‍ॅव्हेन्यूच्या दरम्यान. विटमार्क आणि त्यांच्यासारखे प्रकाशक १८९०च्या दशकात तिथे एकवटले. एकेका इमारतीत अनेक कचेऱ्या, प्रत्येक कचेरीत पियानो, आणि उन्हाळ्यात सगळ्या खिडक्या उघड्या. तो कलकलाट ऐकून कुणीतरी त्या रस्त्याला ‘टिन पॅन अ‍ॅली’ म्हटलं, पत्र्याच्या भांड्यांची गल्ली. मनरो रोझेनफेल्ड नावाच्या पत्रकार-गीतकाराने हे नाव दिलं असं सांगतात. पुण्याच्या तांबट आळीतून जाताना दोन्ही बाजूंनी हातोड्यांचा ठोका कानावर येतो, त्यावरून या नावातला आवाज मराठी वाचकाला लगेच कळेल. मौज अशी की ‘अ‍ॅली’ आणि ‘आळी’ कानाला जुळे भाऊ वाटले तरी नात्याने कुणी नव्हेत. ‘अ‍ॅली’ फ्रेंचमधल्या जाणे या अर्थाच्या ‘आले’ या क्रियापदावरून आली, म्हणून ती जाण्याची वाट. आपली ‘आळी’ संस्कृतातल्या ‘आलि’वरून, म्हणजे ओळ, म्हणून ती घरांची ओळ. एकीचं लक्ष चालणाऱ्याकडे, दुसरीचं राहणाऱ्यांकडे. टिन पॅन अ‍ॅलीतल्या ४७ ते ५५ क्रमांकाच्या इमारतींना न्यूयॉर्क शहराने २०१९ साली वारसा म्हणून संरक्षण दिलं.

या गल्लीने भाषेला दिलेला टिकाऊ शब्द ‘प्लग’. मूळ अर्थ बूच. त्यावरून नेटाने दामटत राहणं असा अर्थ बोलीत आला आणि त्यावरून गाणं लोकांच्या डोक्यात ठोकून बसवणाऱ्या माणसाला ‘साँग प्लगर’ म्हणू लागले. प्लगरने नाटकगृहाच्या वरच्या सज्ज्यात बसायचं आणि रंगमंचावर गाणं संपलं की उत्स्फूर्तपणे उठल्यासारखं करून ध्रुवपद पुन्हा म्हणायचं. रेस्टॉरंटात, सायकलशर्यतीत, मूकपटाच्या मध्यंतरात, मिळेल तिथे गायचं. जॉर्ज गर्श्विन हे १९१४ साली, वयाच्या १५व्या वर्षी, रेमिक या प्रकाशकाकडे आठवड्याला १५ डॉलरवर असं काम करत. बायका हेच काम दुकानाच्या काउंटरवर करत. गिऱ्हाइकाने ताव पुढे केला की तो पाहताक्षणी वाजवून दाखवायचा, आवडला तर विकत घ्यायचा. पुढे लुई आर्मस्ट्राँग यांच्या पत्नी झालेल्या लिल हार्डिन शिकागोच्या दुकानात हे काम करून पुढे आल्या. आज एखाद्या लेखकाने मुलाखतीत आपल्या पुस्तकाचं नाव दोनदा घेतलं की इंग्रजीत त्याला ‘प्लग’ म्हणतात. ती त्या सज्ज्यातल्या मुलाची देणगी.

इथपर्यंतचं सगळं हौसेने सांगता येतं. पुढचं नाही, पण ते टाळून या तावांबद्दल बोलणं खोटं होईल. ‘हॅलो! मा बेबी’ हे ज्या प्रकारचं गाणं म्हणून विकलं गेलं त्याचं नाव होतं ‘कून साँग’. ‘कून’ हे रॅकून या प्राण्याच्या नावाचं तुटकं रूप, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती काळ्या माणसाला दिलेली शिवी झाली. १८९०च्या दशकात ती शिवी तावाच्या मुखपृष्ठावर मोठ्या ठशात छापली जात होती, सोबत जाड ओठांची, कलिंगड किंवा वस्तरा हाती दिलेली विद्रूप चित्रं. हे सगळं पार्लरमध्ये, फुलदाणीशेजारी ठेवलं जाई. १८९६ साली या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं गाणं लिहिलं अर्नेस्ट होगन यांनी. ते स्वतः कृष्णवर्णीय होते. आपल्या गाण्याचं शीर्षक रस्त्यात शिवी म्हणून आपल्याच माणसांवर फेकलं जातं हे पाहून पुढे त्यांना फार वाईट वाटलं. त्याच तावाच्या शेवटी ध्रुवपदाची आणखी एक साथ छापली होती आणि तिला ‘रॅग’ म्हटलं होतं. रॅग हा शब्द छापील संगीतात सुरुवातीला येतो तो असा, शिवीच्या पोटात.

‘रॅग’ म्हणजे चिंधी. डाव्या हाताने ठोका सरळ चालू ठेवायचा आणि उजव्या हाताने सुरावट त्या ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे फेकायची. आपले गवई-तबलजी आड लयीत जाणं म्हणतात त्याच्या जवळपासचं. गोऱ्या कानांना तो ताल फाटका वाटला, म्हणून ‘रॅग्ड टाइम’, रॅगटाइम. आपल्या रागाशी त्याचा काही संबंध नाही. १८९९ साली मिसूरी राज्यातल्या सिडेलिया या गावी जॉन स्टार्क या पियानोविक्रेत्याने स्कॉट जॉप्लिन यांचा ‘मेपल लीफ रॅग’ छापला. जॉप्लिन आपल्या तावांवर सूचना छापत की रॅगटाइम भरभर वाजवू नये. चिंधी म्हणून हिणवलेल्या तालाचा कर्ता वाजवणाऱ्याला ठणकावून सांगतो आहे की हे नीट, सावकाश, लिहिलं आहे तसं वाजवा. त्या एका सूचनेत केवढा स्वाभिमान आहे.

या अपमानाचं मूळ अजून मागे आहे. टॉमस डार्टमथ राइस हा न्यूयॉर्कचा गोरा नट. त्याने १८२०च्या दशकाच्या शेवटी तोंडाला काळं फासून, फाटके कपडे घालून, एका लंगड्या गुलामाची नक्कल करत गाणं-नाच सुरू केला. पात्राचं नाव जिम क्रो. क्रो म्हणजे कावळा. हे नाव त्याआधी गुलामांच्याच लोकगीतांत होतं असं अभ्यासक मानतात. म्हणजे नावसुद्धा चोरीचं. १८३२ साली न्यूयॉर्कच्या बावरी थिएटरात तो तुफान चालला आणि त्याच सुमारास गाण्याचा ताव निघाला: मुखपृष्ठावर एक हात कमरेवर, दुसरा हवेत, गुडघा वाकवलेला तो विदूषक. ज्यांनी राइसला कधी पाहिलं नाही अशांच्या घरीही ते चित्र गेलं. दहा वर्षांच्या आत ते नाव सगळ्या काळ्या माणसांना लावलं जाऊ लागलं. १८४१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेडरिक डग्लस यांना रेल्वेच्या डब्यातून ओढून बाहेर काढण्यात आलं. काळ्यांसाठी जो वेगळा डबा होता त्याला लोक ‘जिम क्रो कार’ म्हणत. हे राज्य उत्तरेतलं, तिथे गुलामगिरी कधीच संपली होती. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी शाळा, पाण्याचे नळ, डबे, दवाखाने वेगळे करणारे कायदे केले, त्यांचं नाव ‘जिम क्रो लॉज’. लुइझियानातल्या वेगळ्या रेल्वेडब्यांचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली उचलून धरला, म्हणजे होगन यांचं गाणं निघालं त्याच वर्षी. सरकारी नोंदीत नसलेलं, तावावर छापलेलं विदूषकाचं नाव राज्यव्यवस्थेला चिकटलं आणि १९६४च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत टिकलं. माझ्या माहितीत एखाद्या विनोदी गाण्याच्या नावाने इतका दीर्घ आणि इतका वाईट प्रवास दुसरा केलेला नाही.

आपल्याकडे १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी हबशी गुलामांना मुक्त केलं. पुण्यातून दिसणारी अमेरिका ती होती आणि ती खरीच होती. पण त्याच दशकात अमेरिकेच्या पार्लरमध्ये म्हातारा गुलाम आपल्या जुन्या मालकाची आणि कापसाच्या शेताची आठवण काढून गहिवरतो अशी गाणी रोज वाजत होती. ‘कॅरी मी बॅक टु ओल्ड व्हर्जिनी’ हे १८७८ सालचं त्यातलं एक. ते लिहिणारे जेम्स ब्लँड न्यूयॉर्कजवळ स्वतंत्र म्हणून जन्मलेले, शिकलेले कृष्णवर्णीय गृहस्थ. बाजारात खपत होतं तेच त्यांना लिहावं लागलं, आणि व्हर्जिनिया राज्याने १९४० साली ते आपलं राज्यगीत केलं. १९९७ साली त्याला बाजूला ठेवण्यात आलं. फुल्यांनी ज्या बंधनाबद्दल लिहिलं ते कायद्याने सुटलं तरी मनात आणि भाषेत कसं घट्ट राहतं, त्याचा याहून बोलका दाखला मिळणं कठीण.

या धंद्यात पैसा कुणाला मिळाला ते ‘रॉयल्टी’ हा शब्द सांगतो. मूळ अर्थ राजाचा हक्क. जमिनीखालच्या सोन्यारुप्यावर राजाचा वाटा, मग खाणमालकाने जमीनमालकाला द्यायचा वाटा, आणि तिथून प्रकाशकाने लेखकाला द्यायचा. मराठीत आपण गाण्याच्या संदर्भात रॉयल्टीच म्हणतो, पण महसूल खात्यात वाळू-खडीवरच्या रॉयल्टीला ‘स्वामित्वधन’ असा शब्द आहे, आणि तो मला गाण्यालाही शोभेलसा वाटतो. स्टीफन फॉस्टर यांना प्रकाशकाकडून प्रतीमागे दोन सेंट मिळत. ‘ओल्ड फोक्स अ‍ॅट होम’ हे त्यांचं १८५१चं गाणं, पण तावावर कर्ता म्हणून नाव छापलं होतं ई. पी. क्रिस्टी या तोंड रंगवणाऱ्या मंडळीच्या मालकाचं. फॉस्टर यांनी नाव विकलं होतं. १८६४ साली ते वयाच्या ३७व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये वारले तेव्हा बटव्यात ३८ सेंट होते. जॉप्लिन यांच्या करारात प्रतीमागे एक सेंट होता, आणि त्या काळी कृष्णवर्णीय रचनाकाराला तेवढंही सहसा मिळत नसे. डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९१२ साली ‘मेम्फिस ब्लूज’ स्वतः छापलं आणि त्याचे हक्क ५० डॉलरना देऊन बसले. मग त्यांनी हॅरी पेस यांच्यासह स्वतःचीच प्रकाशनसंस्था चालवली आणि १९१४चं ‘सेंट लुइस ब्लूज’ हातचं जाऊ दिलं नाही. ‘ब्लूज’ हा शब्द ‘ब्लू डेव्हिल्स’ या जुन्या इंग्रजी प्रयोगाचं उरलेलं शेपूट. उदास माणसाच्या मागे लागणारी निळी भुतं. हँडी यांनी ती भुतं तावावर उतरवली आणि या वेळी मुखपृष्ठावरचं नाव आणि आतली मिळकत एकाच माणसाची होती.

‘जॅझ’ हा शब्द तर संगीतातला नव्हेच. १९१२-१३ साली कॅलिफोर्नियातल्या बेसबॉलच्या बातम्यांत तो जोम, उसळी अशा अर्थाने येतो. १९१५च्या सुमारास शिकागोत तो संगीताला चिकटला. तावांवर त्याचं लेखन काही ठरेना. १९१६ सालच्या ‘दॅट फनी जॅस बँड फ्रॉम डिक्सीलँड’ या शीर्षकात तो एका एसने लिहिला आहे. पुढच्या वर्षी ज्या गोऱ्या वादकांनी या संगीताची पहिली ध्वनिमुद्रिका काढली त्यांच्या बँडच्या नावात दोन एस होते. काहींनी एक झेड लिहिला, काहींनी दोन. कानावरून कागदावर येणाऱ्या शब्दाची ही धडपड तावांच्या ढिगात महिन्यामहिन्याने दिसते. दोन झेड जिंकले. २००० साली अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने शतकाचा शब्द म्हणून हाच निवडला.

मुंबईत तो १९३५ साली नीट ऐकू आला. लिऑन अ‍ॅबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. ते संगीत इथे रुजवलं गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत लहानपणापासून स्वरलेखन वाचायला शिकल्यामुळे अमेरिकेतून आलेला छापील कागद समोर ठेवला की ते तो थेट वाजवू शकत. आंतोनियो झेवियर वाझ हे आल्दोण्याचे ट्रम्पेटवादक ‘चिक चॉकलेट’ म्हणून गाजले, आणि सी. रामचंद्र म्हणजे आपल्या रामचंद्र चितळकरांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’त त्यांचा ट्रम्पेट आहे. मराठीत मात्र या शब्दाचं लेखन अजून ठरलेलं नाही. कुणी जाझ लिहितं, कुणी जॅझ, कुणी जॅज. उच्चाराला जवळचं म्हणून मी जॅझ लिहितो.